नाव कमी केले नाही

बारामतीपासून इंदापूरपर्यंतच्या पट्ट्यात एके काळी दर चार-पाच गावांमागे एक बाई असे. तिला नाव असे, आडनावही असे आणि सेवापुस्तकात दोन्ही नीट लिहिलेली असत. पण ती वापरण्याची हिंमत फक्त पगारबिलाला होती. बाकी सगळ्यांच्या तोंडी ती बाई. सासूसाठी बाई, नवऱ्यासाठी बाई आणि पोटच्या मुलासाठीसुद्धा बाईच, कारण शाळेत आई म्हणायला बंदी होती आणि घरी आल्यावर जीभ बदलायची त्याला आठवण राहत नसे. या दोन तालुक्यांतल्या जुन्या माणसांना आज विचारलं तर प्रत्येकाची बाई वेगळी निघते. वर्णन मात्र सगळे एकच सांगतात.

आमच्या बाई ख्रिस्ती. माहेर इंदापूरचं, नोकरी बारामतीकडची. ऑस्ट्रेलियातल्या चर्चेस ऑफ ख्राइस्टचं मिशन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बारामतीत आलं. मिशनच्या बोर्डिंगांतून ज्या मुली शिकल्या, त्यांतल्या काही पुढं पी.टी.सी. झाल्या आणि लोकल बोर्डाच्या शाळांत रुजू झाल्या. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, तेव्हा गावात कुणी हार आणले, कुणी नारळ. "बोर्ड गेलं, परिषद आली, खडू तोच," एवढं बोलून बाई वर्गात गेल्या.

त्यांच्या पर्समध्ये काय असे ते आम्हा सगळ्यांना पाठ होतं. खडूचे तुकडे, लाल शाईचं पेन, मुठीत मावेल एवढं पवित्र शास्त्र, आलेपाकाच्या वड्या आणि चष्म्याचं पत्र्याचं घर. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला, म्हणजे किती वाजले ते फक्त त्यांनाच कळावं. उरलेल्यांनी वेळ बाईंच्या चेहऱ्यावरून ओळखायची.

रुजू झाल्या त्या पहिल्या शाळेत पोरं तीन सतरंज्यांवर बसत. कोण कुठल्या सतरंजीवर, हे गावानं पिढ्यान्पिढ्या ठरवून ठेवलेलं. मिशनच्या शाळेत सगळ्यांबरोबर एकाच सतरंजीवर वाढलेल्या बाईंनी भाषण केलं नाही, तक्रार केली नाही. "फार मळल्यात," म्हणून त्यांनी दोन सतरंज्या धुवायला टाकल्या. पोरांना तेवढ्यापुरतं उरलेल्या एकीवर दाटीवाटीनं बसवलं. ज्या उन्हात ओली भिंत तासाभरात कोरडी होते, त्या उन्हात या दोन सतरंज्या काही वाळल्या नाहीत. पाटलांनी दोनदा विचारलं. "अजून दमट आहेत," बाई म्हणाल्या. पुढच्या बदलीपर्यंत त्या दमटच होत्या.

बाईंचा खरा धर्म म्हणजे पट. सतत गैरहजर राहणाऱ्या मुलाच्या नावापुढं 'सबब नाव कमी केले' असं लिहायची शाळाखात्याची रीत होती. हे वाक्य बाईंनी आयुष्यात कधी लिहिलं नाही. दिपोटी साहेब तपासणीला आले, की नेमकं त्या ओळीवर त्यांचं बोट थांबायचं.

"हा मुलगा दिवाळीपासून आलेला नाही."

"मेंढरांमागं कोकणात गेलाय, साहेब."

"मग नाव कमी करा."

"पावसाच्या तोंडाला येईल की परत."

"आणि पुन्हा दिवाळीला जाईल!"

"जाईल. म्हणून तर नाव ठेवायचं. आल्यावर कुठं बसणार तो?"

साहेबांनी शेरेबुकात काहीतरी कडक लिहिलं. बाईंनी ते वाचलं, त्यातला एक ऱ्हस्व दीर्घ केला आणि वही साहेबांना परत दिली. त्या धनगराच्या पोराला चौथी पास व्हायला आठ वर्षं लागली. दर पावसाळ्यात येई, बसे, आणि दिवाळीनंतर बाईंनी दिलेली वही घेऊन घाट उतरे. वहीत रोज सकाळ-संध्याकाळ मेंढरांची मोजदाद, आडवी बेरीज आणि उभी बेरीज. दोन्हींचा मेळ बसला नाही तर आधी लांडग्याला शोधायचं, मग चूक शोधायची. आता तो आजोबा झाला आहे. तुकोबांच्या पालखीभोवती काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, त्यात त्याची मेंढरं असतात. लोक रिंगणाला हात जोडतात आणि हा ओठातल्या ओठात बेरीज करतो.

आमच्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळेत नाव घालताना आईबापाला तारीख सांगता आली नाही, की गुरुजी १ जून ठोकून मोकळे होत. बाईंना हे पटत नसे. "देवानं एवढं मूल घडवलं, तारीख टाकायला विसरला असेल होय?" असं म्हणून त्या आईची उलटतपासणी घेत. त्यासाठी घरी दाते पंचांगांची चळत होती. ती पाहून एकदा पाळकसाहेब चमकले.

"बाई, ख्रिस्ती घरात पंचांगं?"

"तुमच्या पवित्र शास्त्रात ज्येष्ठ वद्य दिलेलं नाही ना, म्हणून."

आया सांगत, "पालखी सणसरला होती आन् मला कळा सुरू झाल्या." मग बाई साल धरत, तिथी काढत, तिथीवरून तारीख काढत. एक आजी म्हणाली, "साल न्हाई ठावं बाई, पर त्या दिशी पाऊस लई होता." बाईंनी पंचांग मिटलं. "मग हे मूल इकडचं नव्हे. माहेरी झालंय का?" मुलाच्या आईचं माहेर भोरकडं निघालं. अशा रीतीनं खरी जन्मतारीख मिळालेली पोरं वर्गात फार रुबाबात वावरत. पुढं त्यांतले काही इतरांच्या आधी निवृत्त झाले, तेव्हा त्यांना बाईंचा थोडा रागही आला.

बारामती म्हणजे मोरोपंतांचं गाव. अठराव्या शतकात कऱ्हेकाठी बसून पंतांनी एकशे आठ रामायणं रचली, ही गोष्ट मराठी वाङ्मयाला भूषणावह असेल. आम्हाला ती फार जड गेली. निबंध अपुरा राहिला, की बाई खिडकीतून नदीच्या दिशेनं बघत आणि म्हणत, "त्या माणसानं एकशे आठ रामायणं लिहिली. तुला 'माझी गाय' होत नाही?" पंतांचं एक रामायण निरोष्ठ आहे, म्हणजे ते वाचताना ओठाला ओठ लागत नाही. वर्गात बडबड करणाऱ्याला बाईंची शिक्षा ठरलेली: प, फ, ब, भ, म यांपैकी एकही अक्षर न येणारी पाच वाक्यं लिहून आण. ज्याला ही शिक्षा मिळे तो दोन दिवस मुका होई. त्याला 'बाई' ही हाकसुद्धा मारता येत नसे. तो नुसता हात वर करून उभा राही.

पालखी बारामतीत मुक्कामाला आली, की मिशनच्या आवारातला हापसा बाईंच्या ताब्यात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती मंडळींच्या हाती अभंग आणि भजनं दिल्यापासून आमच्याकडं उपासनेत टाळ-पेटी असतेच. एका वर्षी परभणीकडचा एक वारकरी दिंडीतून चुकला. टाळ ऐकून आत आला, बसला आणि तल्लीन होऊन ठेकाही धरू लागला. शेवटी आमेन झाल्यावर तो जरा बिचकला. बाईंनी त्याला भाकरी-पिठलं वाढलं आणि एवढंच विचारलं, "सही येते का?" त्यानं अंगठा दाखवला. झालं. भाकरी संपेपर्यंत पहिलं अक्षर, हात धुताना दुसरं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो दिंडीत परतला तेव्हा पाटीचा एक तुकडा त्याच्या झोळीत होता, आणि सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशा एकेका मुक्कामावर किती वेळा गिरवायचं तेही ठरलेलं होतं. पुढच्या आषाढीला तो मुद्दाम आवारात शिरला आणि त्यानं जमिनीवर काठीनं पूर्ण नाव काढून दाखवलं. विठ्ठल आणि येशू यांच्यावरून बाईंनी कुणाशी वाद घातल्याचं आठवत नाही. त्यांचं वैर अंगठ्याशी होतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली, की बाई इंदापूरच्या एसटीत बसत. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता, आणि कंडक्टर हमखास विद्यार्थी. तो बिचारा तिकिटांची पेटी काखेत धरून पुढून सुरुवात करायचा आणि बाईंच्या सीटपाशी आला, की मागच्या प्रवाशांकडं आधी वळायचा.

"इकडं ये. अडीचकी म्हण."

"बाई, गाडीत गर्दी हाय."

"गर्दीला अडीचकी येत नाही म्हणून तर मोड चुकते. म्हण."

आणि तो भर गाडीत म्हणायचा. भवानीनगरपर्यंत अडीचकी, लासुर्ण्यापर्यंत पाऊणकी. जंक्शन नावाचा थांबा यायचा तेव्हा बाई खिडकीबाहेर बोट दाखवून नव्या पोरांना विचारत, "इथं कुठली रेल्वे येते?" पोरं डोकं खाजवत. "कुठलीच येत नाही. नाव जंक्शन असलं म्हणून फसायचं नाही. नाव 'हुशार' असलेलीही पुष्कळ बघितलीत मी." कंडक्टर मान खाली घालून पंच वाजवीत राही.

बाईंचे मिस्टर हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होता. दवाखान्यात कंपाउंडर, शांत, मिशीआड हसणारे. त्यांनी लिहिलेली वाण्याची यादी आधी बाईंच्या हाताखालून जायची आणि 'जिरे' शुद्ध झाल्यावरच पिशवी मिळायची. लग्नात 'होय' म्हणायच्या जागी त्यांनी 'हजर' म्हटलं होतं, असं आवारातली मंडळी सांगत. ते खोटं असावं, पण त्यांनी ते कधी नाकारलं नाही. हंगामाच्या उपासनेला लोक पहिलं पीक, कोंबड्या, अंडी, भोपळे असं देवळात आणून देतात आणि मग आवारात त्याचा लिलाव होतो. बाई दर वर्षी घरची तलंग कोंबडी देत. मिस्टरांना त्या कोंबडीचा लळा. मग लिलावात तेच बोली लावत, आणि देवाच्या कामात भाव पडू नये म्हणून समोरून बोली वाढवीत त्या बाईच. आपलीच कोंबडी दुप्पट पैशाला काखोटीला मारून मिस्टर घरी येत. "दोघांनाही आशीर्वाद," बाई म्हणत. कोंबडी धरून तिघांना.

साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की बीडकडून, नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येत आणि माळावर पाचटाच्या कोप्या उभ्या राहत. दिवस कलला, की बाई कंदील आणि पाट्यांची पिशवी घेऊन तिकडं. आया वाढ्यांच्या मोळ्या टाकून चुली पेटवायला बसलेल्या, पोरं धुरात डोळे चोळत पाटीवर रेघोट्या ओढताहेत. एका आईनं न राहवून विचारलं, "बाई, चार महिन्यांत ह्यो शिकून काय करंल?"

"मुकादमाचा हिशेब तपासेल."

पोरगं नऊ वर्षांचं. त्यानं खरंच बापाची उचल, तोडलेले टन, कापलेले खाडे असं सगळं पाटीवर मांडलं आणि बेरीज करून बापापुढं ठेवली. तिसऱ्या दिवशी मुकादम मोटरसायकलवरून आवारात हजर.

"बाई, तुम्ही पोरांना नको ते शिकवताय."

"वजाबाकी नको ती वाटतेय का तुम्हाला?"

मुकादम गप्प. बाईंनी पाटी त्याच्यापुढं सरकवली. "चूक दाखवा. असेल तर मी पोराला उठाबशा काढायला लावते. नसेल तर तुम्ही काढायच्या." मुकादम पाटीकडं बराच वेळ बघत राहिला. शेवटी त्याला गणित येत नाही हे उघडं पडलं. त्याचा हिशेब कारखान्यातला कुणीतरी लिहून देई. बाईंनी आलेपाकाची वडी पुढं केली आणि रात्रीच्या वर्गाला त्याचंही नाव पटावर घातलं.

१९७२ च्या दुष्काळात शाळा ओस पडल्या. गाव खडी फोडायला गेलेलं, पोरं सुकडीच्या रांगेत. बाई शाळा घेऊन खडीवरच गेल्या. दुपारच्या सुट्टीत बाया हातोडा खाली ठेवून बाराखडी गिरवीत. रोज संध्याकाळी आवारात पावसासाठी प्रार्थना होई. बाईंची एक जाड, आखलेली वही होती. तिच्यात डावीकडं ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याचं नाव, पुढं महिन्याच्या तारखांचे रकाने, शेवटी शेरा. शाळेच्या हजेरीपटावरच आखलेली. पाळकसाहेबांनी एकदा तिच्यात डोकावून पाहिलं. 'पाऊस' या नावापुढं ओळीनं 'गै, गै, गै, गै'.

"बाई, देवाची गैरहजेरी लावता?"

"न लावून कसं चालेल? आला की हजर लावीन. पण पटावरून नाव काढायची नाही मी त्याचं."

पाळकसाहेबांनी त्या रविवारी यावर प्रवचन केलं. चांगलं झालं, फक्त लांबलं.

प्रवचन लांबणं हा आमच्या पाळकांचा जुना विकार आणि त्यावरचा उपाय बाईंकडं होता. पुढच्या बाकावर, बायकांच्या बाजूला, कडेला त्यांची जागा. पाळक त्यांचेच विद्यार्थी. ठरलेली वेळ उलटली, की बाई चष्मा काढीत, पुशीत, पत्र्याच्या घरात ठेवीत आणि झाकण लावीत. टक्. तो आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाई. पाळकसाहेब कुठल्याही संदेष्ट्याच्या गोष्टीत असोत, सिंहाच्या गुहेत असोत की माशाच्या पोटात, तिथून ते थेट आमेनला येत. कित्येक संदेष्टे आमच्या देवळात वर्षानुवर्षं तसेच आत अडकून पडलेले आहेत.

निवृत्त झाल्यावर बाईंचा दरारा वाढला, कारण आता बदलीची भीती राहिली नाही. लग्नपत्रिका छापायला टाकण्यापूर्वी लोक त्यांना दाखवून नेत. २०११ साली राज्यभर पटपडताळणी झाली आणि एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला शाई लावली गेली, तेव्हा बाई काठी टेकत शाळेत जाऊन बसल्या. खोटी नावं भरून अनुदान लाटणाऱ्या शाळांच्या बातम्या त्यांनी पेपरात वाचल्या होत्या. "आम्ही असलेल्या पोरांची नावं राखायला भांडलो, यांनी नसलेल्या पोरांची नावं राखली," एवढंच त्या म्हणाल्या. मग शाई लावणाऱ्या साहेबाला जवळ बोलावून त्यांनी त्याच्या तक्त्यातली एक बेरीज दुरुस्त करून दिली.

बाई गेल्या तेव्हा आवारात शोकसभा झाली. फ्लेक्सवर 'भावपुर्ण श्रद्धांजली' छापून आलं होतं. आलेला प्रत्येक माणूस आधी तिथं थबकला, मग खिसा चाचपू लागला. सभा सुरू होईपर्यंत 'पु' वर चार-पाच जणांनी वेगवेगळ्या पेनांनी दीर्घ उकार काढून झाले होते. माजी सरपंच बोलायला उठले आणि 'त्यांच्या आत्म्यास शांती' या ठिकाणी अडले, कारण शांती की शांति याची त्यांना खात्री वाटेना. त्यांनी 'बरं वाटो' म्हणून वेळ मारून नेली.

मग पाळकसाहेबांनी ती जाड वही उघडली आणि शेऱ्याचा रकाना वाचून दाखवला. कंडक्टर: 'दारू सुटली. पाऊणकी अजून कच्ची.' मुकादम: 'सही येते. नीयत, चालू.' माजी सरपंच: 'कमी बोलावे. चालू.' मिस्टर: 'काही मागणे नाही. कोंबडी जपावी.' प्रत्येक नाव वाचलं जाई तसा एकेक माणूस जागच्या जागी उभा राही, शेरा ऐके आणि खाली बसे. एकाही नावावर काट नव्हती. जी माणसं वारली होती, त्यांच्यापुढं 'वर्ग बदलला' एवढंच लिहिलेलं.

पाळकसाहेबांचं स्वतःचं नाव आलं. त्यांनी घसा खाकरला. 'प्रवचन आटोपशीर व्हावे. चालू.' लोक हसले, तेही हसले, आणि त्या भरात त्यांना बाईंच्या विश्वासाबद्दल काही सांगावंसं वाटलं. अब्राहामापासून त्यांनी सुरुवात केली. दहा मिनिटांत ते मिसर देशात पोचले. ऊन वाढलं, पोरं चुळबुळू लागली, चहाची किटली एका कोपऱ्यात निवत होती. लाल समुद्र दुभंगला, इस्राएल लोक निम्म्यापर्यंत आले.

टक्.

सगळ्यांनी वळून पाहिलं. पुढच्या बाकावर, कडेच्या जागी, बाईंचे मिस्टर चष्म्याचं पत्र्याचं घर हातात धरून बसले होते. आयुष्यात त्यांनी कुणाचं बोलणं मध्येच तोडल्याचं कुणाला माहीत नव्हतं. पाळकसाहेबांनी इस्राएल लोकांना समुद्रातच सोडलं आणि आमेन म्हटलं. मिस्टर उठले, त्यांनी वही मागून घेतली, लाल पेन काढलं आणि पाळकांच्या शेऱ्यातल्या 'चालू' खाली आणखी एक रेघ मारली.